बुडालेल्या दोन पायऱ्या

ओल काढण्यात गवंड्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, पण एका घराने त्याचं पार नाक कापलं होतं. बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या मागे कामगारांच्या घरांची रांग होती, आणि तिच्या टोकाच्या घरात मावशी एकटी राहायची. तिथे त्याने दोनदा भिंतीला भोकं पाडून औषध भरलं, नवा गिलावा केला, आणि दोन्ही वेळा ओल पुन्हा कमरेपर्यंत चढली. आता मावशीच्या लेकीने निर्वाणीचं सांगितलं होतं, की हिवाळ्याआधी भिंत सुकली नाही तर आईला शहरात नेणार, तिचा खोकला आता ऐकवत नाही. मावशीला कुठेही जायचं नव्हतं.

तिसऱ्यांदा गवंडी आला तो भोकं पाडायचं मशीन न घेताच. छप्पर धड, नळ धड, मग पाणी येतं कुठून, या प्रश्नाने त्याची झोप उडवली होती. भिंतीसमोर बसकण मारून त्याने एक पांढरा पापुद्रा नखाने खरवडला आणि चक्क जिभेला लावला.

"काय रे, मीठ कमी पडलं का?" मावशीने विचारलं.

"जास्तच आहे. म्हणजे जमिनीतले क्षार घेऊन पाणी खालूनच चढतंय. पण एवढी पक्की घरं बांधणारे कारखानेवाले पायात ओल अडवायची सोय करणार नाहीत, हे काही पटत नाही."

"बाकी घर सुखाचं आहे बघ," मावशी चहाचा कप देत म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा दोन पायऱ्या चढून यावं लागायचं. आता गुडघ्यांना तेवढाही त्रास नाही."

गवंड्याचा कप ओठांशीच थांबला. "मग त्या पायऱ्या गेल्या कुठे?"

मावशीने दाराकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती त्या दारातून ये-जा करत होती आणि हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. "खरंच की," ती म्हणाली. "गेल्या कुठे?"

गवंड्याने दारातच कुदळ घातली. माती लागलीच नाही, निघाली ती काळी राख. वीतभर खाली एक पायरी लागली, मग दुसरी. आणि शेजारच्या भिंतीत, राखेखाली, काळ्या फरशीचा बोटभर थर आडवा गेलेला दिसला.

"घ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो म्हणाला. "ओल इथे अडवायची सोय पहिल्यापासून होती. राख त्या फरशीच्याही वर चढली, म्हणून राखेतलं पाणी फरशीच्या वरून भिंतीत शिरतंय. सगळी राख काढली की भिंत आपसूक सुकेल."

मावशीने वाकून ती काळी राख हातात घेतली. "आमचे हे कारखान्यात बॉयलरवर कामाला होते," मग ती म्हणाली. "मी पोटुशी असताना दारातल्या चिखलात घसरले. त्या दिवसापासून कामाची पाळी संपली की रोज एक घमेलं राख आणून दारात टाकायचे, पार कारखाना बंद होईपर्यंत. त्यांचं बघून सगळी आळी टाकायला लागली. ती ठेवून काही करता येणार नाही का?"

गवंड्याला वाईट वाटलं, पण तिसऱ्यांदा खोटी आशा दाखवायची त्याची तयारी नव्हती. "नाही, मावशी."

ती आत गेली आणि चेपलेलं जुनं घमेलं घेऊन आली. "पहिलं मी भरते. आणि यातली मूठभरसुद्धा फेकायची नाही. कुठे टाकायची ते मी सांगेन."

हिवाळ्याच्या तोंडावर लेक आली. चारही भिंतींवरून तिने तळहात फिरवला, कोपरे हुंगले, आणि मुकाट्याने येऊन आईशेजारी पायरीवर बसली.

त्याच दुपारी गवंडीही भिंत बघायला आला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सवयीने तो खालच्या पायरीवर बूट घासायला लागला, पण बुटांना काही लागलंच नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं. हमरस्त्यापासून दारापर्यंतची चिखलाची वाट काळी आणि कोरडी होती.

"राहू दे, पुसू नको," मावशी म्हणाली. "त्यांनी राख टाकलीय."