दोघींनी धरलेला पॅड

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखोटीला मारता ना, अगदी तसाच; पुठ्ठ्याहून कडक आणि डोक्यावर लोखंडी चिमटा असलेला. माझे दोन कोपरे झिजले आहेत. पाठीवर शाईचा एक डाग आहे. तो कोणी पाडला हे मी सांगणार नाही, कारण चहाड्या करणे माझ्या स्वभावात नाही.

लाकडाचा भुसा भिजवून, भल्यामोठ्या यंत्राखाली दाबून मला घडवले गेले. माझे बहुतेक भाऊ वह्या-पुस्तकांच्या दुकानांत गेले. त्यांच्या नशिबी गणिते आली. माझी रवानगी मात्र लहान मुलांच्या इस्पितळात झाली. तेथल्या मोठ्या सिस्टरनी माझा चिमटा उघडझाप करून पाहिला आणि म्हणाल्या, "कडक आहे. माझ्यासारखाच." मी त्या दिवसापासून त्यांचा झालो.

माझे काम साधे वाटेल, पण जोखमीचे होते. मुलाला भूल द्यायची किंवा त्याची शस्त्रक्रिया करायची, तर आधी आईने किंवा वडिलांनी संमतीच्या कागदावर सही द्यावी लागते. ती सही माझ्या छातीवर होत असे. मला अक्षरे कळत नाहीत, पण हात कळतात. कोणी पेन इतके दाबते की मलाही वळ उठतो. कोणाची सही वाटेतच थबकते. एकदा एक पैलवानासारखा बाप स्वतःचे आडनाव विसरला होता. सिस्टरनी त्याला पाणी पाजले, तेव्हा कुठे त्याला ते आठवले. लोक मला हसत हसत कधीच हातात घेत नसत. मला त्याचे वाईट वाटायचे, पण घेतला वसा टाकायचा नाही, एवढे मला ठाऊक होते.

आता टिंगीची गोष्ट सांगतो.

टिंगी सहा वर्षांची. तिला तिच्या आत्याने दोन्ही हातांवर उचलून आणले होते. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ ताठ, केसांत एक बट इकडची तिकडे नाही. पण त्या दिवशी तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी होता. टिंगी घसरगुंडीवरून पडली होती. तिच्या उजव्या कोपराच्या वरचे हाड मोडून सरकले होते.

डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढून पाहिला, टिंगीची बोटे हलवून पाहिली आणि आत्याला बाजूला घेतले. मी सिस्टरांच्या हातात होतो, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"घाबरू नका, जिवाला धोका नाही. तसं असतं तर मी कोणाच्या सहीसाठी थांबलोच नसतो. पण सूज वाढतेय. आज दुपारीच भूल देऊन हाड बसवलं, तर दोन बारीक तारांवर काम भागेल. उद्यावर गेलं, तर कापून उघडावं लागेल आणि हात पहिल्यासारखा सरळ होईलच, असं मी सांगू शकत नाही. आईवडील कुठे आहेत?"

"विमानात," आत्या म्हणाली. "परदेशी निघालेत. रात्रीपर्यंत फोन लागणार नाही. पण त्यांनी मला लिहून दिलंय."

तिने पर्समधून कागद काढला. आईवडिलांच्या माघारी टिंगीच्या उपचारांना संमती देण्याचा अधिकार त्यात दिलेला होता. सिस्टरनी तो माझ्या चिमट्यात लावला आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"यात तर दोघींच्या सह्या मिळूनच ग्राह्य धरायच्या, असं लिहिलंय. तुमची आणि मुलीच्या मावशीची."

मित्रांनो, ही त्या घरातली गंमत ऐका. टिंगीच्या बाबांना वाटत होते की अधिकार आपल्या ताईला द्यावा. आईला वाटत होते की आपल्या धाकट्या बहिणीला द्यावा. एकीला दिला तर दुसरी रुसणार! म्हणून दोघांनी कोणाचेच मन न मोडणारी युक्ती काढली: दोघींनाही द्यावा, आणि एकीने दुसरीला डावलू नये म्हणून दोघींच्या सह्या एकदमच लागाव्यात. मान राखण्याच्या नादात त्या बिचाऱ्यांना एवढेच सुचले नाही की दोघी एका ठिकाणी नसल्या तर काय करायचे.

आणि दोघी एका ठिकाणी नव्हत्या. टिंगीला सांभाळायला दोघी तिच्या घरी राहिल्या होत्या, पण सकाळीच त्यांचे कडाक्याचे वाजले होते. हे मला टिंगीमुळे कळले, कारण डॉक्टर तिच्या हाताला फळी बांधत असताना तिने घरातले सगळे रामायण त्यांना सांगून टाकले.

"मावशी म्हणाली, ताई, तुम्ही पोरीला नुसतं कापसात ठेवता. मग आत्या म्हणाली, तुला काय जातंय, निस्तरायचं मलाच. मग मावशीनं बॅग भरली. मग आत्या म्हणाली, चल टिंगे, तुला घसरगुंडीवर नेते, मी काही घाबरत नाही." मग तिने ओठ काढला. "डॉक्टरकाका, मी पडले म्हणून त्या परत भांडतील का?"

डॉक्टरांनी फळीची शेवटची गाठ मारली. आत्याने भिंतीकडे तोंड केले.

मग ती मावशीला फोन लावू लागली. मावशी फोन कापत होती. आत्याने पुन्हा लावला, तिने पुन्हा कापला. इकडे टिंगीचा हात कोपरापाशी फुगत चालला होता आणि मी सिस्टरांच्या कुशीत सहीची कोरी जागा सांभाळत होतो. आपल्याला तोंड असते तर किती बरे झाले असते, असे मला तेव्हा फार वाटले.

शेवटी सिस्टर म्हणाल्या, "माझ्या फोनवरून लावू का? मी समजावते त्यांना."

"लावा. पण बोलेन मीच," आत्या म्हणाली.

अनोळखी नंबर म्हणून मावशीने फोन उचलला. मुख्याध्यापिकाबाईंनी आयुष्यभर मुलांकडून माफ्या लिहून घेतल्या असतील. स्वतः मागायची वेळ बहुधा पहिलीच होती. त्या एका दमात बोलल्या.

"ठेवू नकोस गं. मी बोलतेय. टिंगी पडलीय, माझ्या हातून पडलीय. माझं चुकलं. तू ये. तुझ्याशिवाय होणार नाही."

मावशी आली ती धावतच. तिच्या गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. ती कपडे शिवायची आणि कोणाचे तरी माप अर्धवट टाकून आली होती. आत्या उठून उभी राहिली. आता मावशी काय काय सुनावणार, म्हणून सिस्टरांनी मला छातीशी घट्ट धरले. पण मावशीने आधी टिंगीच्या कपाळाचा मुका घेतला आणि मग आत्याच्या पायांकडे पाहिले.

"ताई, चप्पल कुठे तुमची?"

बस्स, एवढेच ती बोलली. आत्याला रडू कोसळले.

डॉक्टरांनी दोघींना सगळे नीट समजावून सांगितले: भूल कशी देणार, तारा कुठे घालणार, काय बिघडू शकते. मावशीने दोन प्रश्न विचारले, आत्याने एक. मग सिस्टरांनी मला पुढे केले. आत्याने पेन घेतले, पण तिचा हात इतका कापत होता की मीच हलू लागलो. तेव्हा मावशीने मला खालून दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि म्हणाली, "करा आता, ताई." आत्याची सही झाली. मग आत्याने मला धरले आणि मावशीने सही केली.

इतकी वर्षे मी सह्या घेतल्या, पण प्रत्येक माणूस मला एकटाच धरत असे. दोघींनी मिळून धरलेला तो पहिलाच दिवस. तो मी कधी विसरणार नाही.

टिंगीचा हात सरळ झाला. तारा निघाल्या आणि ती पुन्हा झाडावर चढू लागली.

पुढे इस्पितळात सह्या घ्यायला काचेच्या पाट्या आल्या. त्यांच्यावर बोटाने गिरवले की काम होते. मला कोणी वाईट बोलले नाही. फक्त कोणी काही बोललेच नाही. आधी मी खणात पडलो आणि नंतर एका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेलो. तेथे माझे कोपरे झिजले. सिस्टर निवृत्त होण्याआधी टिंगी हात दाखवायला आली, तेव्हा तिने वाकून मला ओळखले. "हा आमचा पॅड आहे!" ती ओरडली. सिस्टरांनी टेबलाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि मला तिच्या हातात दिले.

आता मी टिंगीच्या घरी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. परवा तिच्या आईबाबांना पुन्हा प्रवासाला जायचे होते. बाबांनी मला मांडीवर घेऊन अधिकाराचा नवा कागद लिहायला सुरुवात केली आणि मध्येच पेन चावू लागले. समोर आत्या आणि मावशी दोघीही बसल्या होत्या.

"या वेळी कसं लिहू?" त्यांनी भीतभीतच विचारले.

"जी जवळ असेल तिची सही पुरे, असं लिही," आत्या म्हणाली.

मावशीने चमकून पाहिले. "ताई, आणि तुम्हाला विचारायचं राहिलं तर?"

"राहू दे. तुझी सही ती माझीच सही."

बाबांनी तसेच लिहिले. पेन अजिबात कापले नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

मित्रांनो, मला नवे रंगरूप नको, की कौतुक नको. तुमचे आईबाबा गावाला निघाले की त्यांना एवढेच विचारा, "माझ्या दुखण्याखुपण्याला 'हो' कोण म्हणणार? लिहून ठेवलंय ना?" आणि ज्यांच्यावर तुम्हाला सोपवले आहे, त्यांना एकमेकांचा फोन उचलायला सांगा. कागद मी धरून ठेवीन. तेवढा माझा चिमटा अजून कडक आहे.