लग्न ठरलेल्या मॅडमचा स्कार्फ

सर, आजारी बाईला तुम्ही कामावरून काढलंत आणि घरी जाऊन निवांत जेवलात. तुमचं नाव घेत नाही. कोथरूडच्या चौकाचौकात तुमच्या क्लासचा फ्लेक्स आहे, त्यावर हाताची घडी घालून उभे असता. तेवढी प्रसिद्धी पुरे.

मित्रांनो, मी एक जुना सुती स्कार्फ आहे. पुण्यात दुचाकीवरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळतात ना, तसला. उत्कर्षानं बुधवार पेठेतल्या फुटपाथवरून एकसारखे दोन घेतले. एक स्वतःला ठेवला. दुसरा मी, तिच्या मैत्रिणीकडे, कादंबरीकडे आलो. कादंबरी सरांच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. कर्वे रोडचा धूर वर्षानुवर्षं मी गाळला. तिचा चेहरा रापला नाही तो माझ्यामुळे. कौतुक झालं कोणाचं? क्रीमचं.

मग तिनं मला खुंटीला अडकवलं ते काढेचना. दिवस दिवस पलंगावर पडून. जेवण नाही, वेणीफणी नाही. रजा मागायला तिनं फोन केला तेव्हा तो स्पीकरवर होता, सर. मी ऐकलंय. "डिप्रेशन-बिप्रेशन ही रिकाम्या लोकांची थेरं, मॅडम. सकाळी पर्वती चढा." पोरांसाठी 'ताणमुक्त परीक्षा' शिबिर घेणारा माणूस हा! पुढच्याच आठवड्यात तिची बॅच दुसऱ्याला दिलीत.

उत्कर्षा मात्र रोज यायची.

"कादे, ऊठ."

"नाही गं होत."

"बरं, नको उठूस. नुसती बसती हो. स्कार्फ मी बांधते."

कादंबरीला हात वर करायचंही बळ नव्हतं. उत्कर्षानं मागून माझी गाठ मारली, तिला गाडीवर बसवलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

तिथली तऱ्हा ऐका. वेटिंग रूममध्ये ऊन नाही, धूळ नाही, तरी एकही बाई स्कार्फ सोडेना. शेजारी दातांचा दवाखाना, तिथे बायका जबडा धरून खुशाल बसलेल्या. इथे नुसते डोळे. ऊन अडवायला विणलेल्या आम्हाला, सर, तुमच्यासारख्यांनी आजार लपवायच्या कामाला लावलंय.

उत्कर्षानं स्वतःचा स्कार्फ काढून भरभर वारा घेतला. "मला मेलीला उकडतंय बाई. पेशंट तू, आणि घुसमट माझी?"

कादंबरी हसली. बाहेर कोणाला दिसलं नाही, मला कळलं. पण गाठ तिनं सोडली नाही.

औषधं सुरू झाली. कुरकुरत का होईना, ती उठायला लागली. डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढं शिकवायला हरकत नाही. त्या एका आशेवर ती आंघोळ करायची, दोन घास खायची. आणि मग विद्यार्थ्यांचे मेसेज आले. 'मॅडम, अभिनंदन! सर म्हणाले, तुमचं लग्न ठरलं म्हणून क्लास सोडलात.'

वा, सर! आजार सांगितला तर क्लासचं नाव जातं. लग्न कसं, सभ्य कारण! ती पुन्हा पांघरुणात शिरली.

"आज पालकसभा आहे त्यांची," उत्कर्षा म्हणाली. "चल."

"मी काय बोलू तिथं?"

"तू गप्प उभी राहा. भांडायला मी आहे."

सभा भरलेली, दोघी दारातच उभ्या. उत्कर्षा तोंड उघडणार, तेवढ्यात कादंबरीनं तिचा हात दाबला आणि माझी गाठ स्वतः सोडली.

"सर, मी आजारी होते. आता बरी होतेय. मला माझी बॅच परत हवी आहे. आणि माझं लग्न ठरलंय म्हणे. मुलगा कोण?"

सगळ्या माना वळल्या. तुम्ही घसा खाकरलात. "आपण नंतर केबिनमध्ये बोलू, मॅडम."

मित्रांनो, तुमची मैत्रीण अंथरुणातून उठत नसेल तर तिला पर्वती दाखवू नका. शेजारी बसा. तिच्या हातांना झेपत नसेल ते करून द्या, दवाखान्यात सोबत जा, आणि तिला बोलावंसं वाटेल तेव्हा तिला बोलू द्या.

आणि सर, केबिन नको. पालक इथे बसलेत, ती दारात उघड्या चेहऱ्यानं उभी आहे. बॅच कधी देताय? बोला.