चिमी हसते आहे

रुपालीने फोटो बोटांनी मोठा केला आणि पुन्हा डोकी मोजली. नऊ. मागच्या रविवारी दहा होती.

भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलेल्या माणसांचा फोटो मुकादम दर रविवारी पाड्याच्या ग्रुपवर टाकायचा. खर्डीजवळच्या त्या पाड्यात फोटो आला की जो तो आपलं माणूस शोधायचा, आणि ते सापडलं की फोन खिशात. सावळारामला मात्र दिसत नव्हतं. त्याचा फोन अक्षरं वाचून दाखवायचा, फोटो आला की गप्प व्हायचा. त्याची एकुलती एक लेक चिमी नव्या नवऱ्याबरोबर त्याच भट्टीवर गेली होती आणि तिच्याकडे फोन नव्हता. म्हणून पाड्यातलीच रुपाली प्रत्येक फोटोखाली वर्णन लिहायची.

ते कसं लिहायचं, हे ती शहापूरच्या संस्थेत शिकली होती. संस्थेच्या फेसबुक पानावरच्या फोटोंखाली न दिसणाऱ्यांसाठी असं लिहिणं, हे तिचं रोजचं कामच. कोण आहे, कुठे आहे, काय करतं आहे, एवढंच लिहायचं. आपल्या मनाचं घालायचं नाही. संस्थेत तिने हा नियम कधी मोडला नाही. पण फोन कानाला लावून अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यासमोर नियमाचं काय करायचं? पहिल्याच फोटोखाली तिने ‘चिमी हसते आहे’ असं लिहिलं, आणि सावळाराम आठवडाभर पाड्यात तेच सांगत फिरला. मग चिमी दर रविवारी हसत राहिली. रुपालीला त्यात पुण्यच वाटत होतं.

आज तिने काहीच लिहिलं नाही. सरळ त्याच्या अंगणात गेली आणि चिमी फोटोत नसल्याचं सांगून टाकलं. जावई नितीन होता. पाड्यातली जाणू, गोदी, बाकी सगळी होती.

सावळारामने मागचे फोटो काढायला सांगितले, अगदी पहिल्यापासून.

“आता जसं हाय तसं सांग गो.”

रुपालीने फोटो काढले आणि दिसेल तसं सांगू लागली. पहिल्या फोटोत चिमी खाली बघत होती. हसू नव्हतंच. दुसऱ्यात ती कडेला उभी होती आणि नितीनने तिचं मनगट धरलं होतं. तेव्हा रुपालीला त्याचं कौतुक वाटलं होतं. तिसऱ्यात पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. ‘लाजून हसते आहे’ असं तिने खाली लिहिलं होतं. चौथा मागच्या रविवारचा.

“डाव्या गालावर काळं हाय. मला भट्टीची राख वाटली, मामा.”

“बाकीच्यांच्या गालावर हाय राख?”

ती एकेक चेहरा मोठा करून बघत गेली. असं तिने आधी कधी केलंच नव्हतं. बाकीचे सगळे फोटोसाठी तोंड धुऊन आले होते.

“नाय.”

तिला स्वतःची शिसारी आली. सावळाराम चिडला असता तर बरं झालं असतं.

“तू हसते म्हनलीस,” तो हळूच म्हणाला, “म्हनून मी गेलो नाय.”

इतक्यात ग्रुपवर मुकादमाचा निरोप आला. सावळारामच्या फोनने तो सपाट आवाजात वाचला. रुपालीताई, आज काही लिहिलं नाही. सावळाराम वाट बघत असेल.

मुकादम फोटो टाकून मोकळा व्हायचा. खाली कोण काय लिहितं याची त्याने आजवर कधी चौकशी केली नव्हती. आज मात्र त्याला वर्णन हवं होतं.

“चिमी कुठं हाय, मी इचारते त्याला.”

सावळारामने चाचपडत तिचा हात धरला.

“इचारू नको. समदी मजेत हायत असं लिही. त्याला ते वाचून निवांत बसू दे. तवर आपण तिथं पोचू.”

रुपालीने लिहिलं. एवढी चार अक्षरं लिहायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता. पाठवल्याबरोबर मुकादमाचा अंगठा आला, आणि सावळारामच्या फोनने तोही वाचून दाखवला.