कंबरेची उंची

नडगीवरची खपली मोज्याला चिकटली होती — ओढली तर उचकटणार, ठेवली तर दिवसभर टोचणार — आणि तिने ती ओढली. रेघ पुन्हा ओली झाली. दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या खाली, वजनाच्या लोखंडी दांड्याने घासून काढलेली ही रेघ तिला हल्ली आवडू लागली होती, आणि असलं काही आवडणं बरं नव्हे हेही तिला कळत होतं. पाय असे सोलून घ्यायला काय झालंय तुला, असं आईने विचारलं होतं. काय झालंय ते सांगायचं तर दांडा आता अंगाला चिकटून वर येतो इथपासून सांगावं लागलं असतं, मग कंबर, मग मांडीचं हाड, मग सर... तेवढ्यात आई गॅस बंद करायला उठून गेली असती. तिने मोजा वर ओढला आणि कामाला निघाली.

संध्याकाळी जिममध्ये सरांसमोर वजनाचा दांडा जमिनीवरून कंबरेपर्यंत उचलायचा होता. काल त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "उद्या शंभर किलो, आणि मी शिकवलंय तसं. नाहीतर रविवारच्या स्पर्धेतून तुझं नाव काढतो." ही स्पर्धा तिची पहिलीच होती, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिली म्हणजे पुढच्या वर्षी बघू म्हणायला फारशी वर्षं हातात नव्हती.

सर वाईट नव्हते. बुटके, रुंद, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यासारखे. ते दांड्यापाशी खाली बसायचे तेव्हा त्यांची छाती आपोआप ताठ राहायची, कारण मांडी ती केवढीशी! स्वतःच्या मापाने ते सगळ्यांना शिकवायचे आणि बहुतेकांना ते माप बसायचंही. तिला बसत नव्हतं. ती दारातून जाताना मान तिरकी करणारी बाई. कंबर खाली, कंबर खाली, असं ते ओरडायचे, ती निमूट खाली जायची, गुडघे पुढे यायचे, दांडा पुढे ढकलला जायचा, सगळा भार चवड्यांवर, आणि वजन जमिनीवरून सुटता सुटता कंबर आपसूक वर उसळायची नि उरलेलं सगळं पाठीच्या माथी. मागच्या उन्हाळ्यात पाठ धरली ती अशीच. भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जायची तेव्हा. सर फळं घेऊन भेटायला आले होते आणि जाताना म्हणाले, "कंबर पुरती खाली गेली नव्हती तुझी." आणि मी मान डोलावली... झोपल्या झोपल्या, औषधांच्या गुंगीत, शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. सरांचा नाही, त्या मानेचा राग येतो मला.

लॉन्ड्रीत दिवसभर हॉटेलांच्या चादरी. यंत्रातून काढलेल्या ओल्या चादरींची टोपली इस्त्रीच्या टेबलापर्यंत न्यायची, ती उतरवायची, की दुसरी. बरी होऊन कामावर आली त्या दिवशी तिने अशीच एक टोपली काही विचार न करता उचलली होती — टोपली नडग्यांना टेकलेली, कंबर चांगली वर, पाठ फळीसारखी, बगला आवळलेल्या — आणि काहीच दुखलं नाही. ती टोपली घेऊन तशीच उभी राहिली, पाणी पायांवर गळत होतं. शेजारच्या टेबलावरची मावशी म्हणाली, "अगं, ठेव की आता ती. बाळ आहे का कडेवर घ्यायला?" इतकी वर्षं ती असंच उचलत आली होती. इथे कुणी बघत नव्हतं म्हणून. मग सरांची पाठ वळली की ती दांडाही तसाच उचलू लागली.

बघणारं कुणी असलं की ती वाकायची, हे तिला आज इस्त्री फिरवता फिरवता लख्ख कळलं. दादाच्या लग्नात फोटोवाला म्हणाला होता, "ताई, गुडघ्यात जरा वाका ना, नवरदेव बुटके दिसतायत." सगळे हसले, तीही हसली. मग आत्या आल्या, मामा आले, वहिनीच्या मैत्रिणी आल्या, आणि प्रत्येक फोटोत ती कपड्यांच्या आत गुडघे दुमडून, मांड्या थरथरत, चेहऱ्यावर हसू ठेवून उभी. आता सरळ हो, असं कुणी म्हणालंच नाही. घरात तिला लाडाने शिडी म्हणायचे. वरच्या फळीवरचे डबे काढायला उंची हवी, फोटोत नको... वा रे वा!

जिममध्ये दांडा तयार होता. सर हाताची घडी घालून खुर्चीत. पकड घसरू नये म्हणून तिने हातांना खडूची भुकटी लावली. दांडा पावलांच्या बरोबर मधोमध. वाकून त्याला जागच्या जागी धरलं, हात पायांच्या जेमतेम बाहेर. मग नडग्या पुढे, दांड्याला टेकेपर्यंत. रेघ झोंबली. बस्स, कंबर इथून खाली नाही. छाती किंचित वर, बगला घट्ट, खांदे दांड्याच्या जरासे पुढे.

"कंबर खाली," सर म्हणाले.

"हो, सर."

कंबर तिथेच.

"खाली म्हणतोय मी! परत पाठ मोडून घ्यायचीय का?" त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि हेच सगळ्यात अवघड होतं. नुसते रागावले असते तर तिने सहज निभावून नेलं असतं.

"माझी मांडी लांब आहे, सर. खाली बसले की दांडा पुढे जातो."

"आजवर किती पोरं शिकवलीत मी, माहितीय?"

"हो, सर."

तोंडाची सवय काही सुटत नव्हती, तोंड बापडं हो म्हणत राहिलं. कंबर मात्र हलली नाही. बाजूच्या यंत्रांचे आवाज एकेक करून थांबले. सर उठून जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "मग रविवार विसर."

रविवार तिला हवा होता, फार हवा होता. तिने दांडा हळूच ओढून ताणला, तो कडकन वाजला आणि दोन्ही टोकांच्या वजनांना भिडला. सरांना दाखवून द्यायचं म्हणून ती आली होती — दिवसभर मनात तेच तर घोळत होतं — आणि आता शोधलं तर ते सापडेना. उचललं जाईल? कोण जाणे. नाही उचललं गेलं तर नाही, सगळ्यांसमोर फजिती होईल, होऊ दे, उद्या येईन आणि पुन्हा अशीच उभी राहीन, इथे नाही तर दुसरीकडे कुठे... वजन हरवेल मला एखादे वेळी, पण माझ्या मापात हरवेल. सर काहीतरी बोलत होते. तिने मोठा श्वास पोटात भरला, कोंडला, आणि पायांनी जमीन ढकलायला सुरुवात केली.