शेंदूर फासलेली जेट मोटर

मी एक जुनी जेट मोटर आहे, मित्रांनो, आणि या ओट्यावर मला देवी म्हणून बसवलं आहे. हसू नका. माझ्यापुढे उदबत्ती जळते, गळ्यात झेंडूचा वाळका हार आहे आणि पोटात गंजलेल्या लोखंडाचा चुरा. माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर पलीकडच्या बैलगाडीला विचारा. ती म्हातारी तिच्या पोळ्याच्या मिरवणुका रोज नव्यानं सांगते.

पवनी तालुक्यात, धरणाचं पाणी जिथे जुन्या शेतांत आणि झाडांत शिरून कायमचं बसलं आहे, तिथलं हे मासेमारांचं गाव. माझ्याआधी इथे पंख्याची मोटर होती. तिचा पंखा बुडालेल्या झाडाच्या खोडावर आपटला, नाव उलटली आणि मंगरू नावाच्या म्हाताऱ्या मासेमाराचा थोरला मुलगा हेमराज वर आलाच नाही. त्याची बायको जिजा आणि लहानगी लेक रंजू तेवढ्या मागे राहिल्या. मग मासेमारांच्या संस्थेनं मला आणलं, कारण मला बाहेर पंखाच नाही. मी खालच्या जाळीतून पाणी ओढते, माझ्या पोटातलं चाक ते गरगरा फिरवतं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतं. त्या धक्क्यानं नाव पुढे जाते. गुडघाभर पाण्यातूनसुद्धा जाते.

मला बसवायला नागपूरहून अनुप नावाचा मेकॅनिक आला होता. सगळं गाव काठावर जमलं. मंगरूचा धाकटा मुलगा लिलाधर मला चालवणार होता, म्हणून अनुप त्यालाच सांगत होता.

"पाण्यातून आली का पहिलं काम, इंजीन बंद. ही लाल दोरी उपसून खिशात टाक, मंग कोणी चालू केली तरी होत नाही. मंगच जाळीतला कचरा काढ. चालू मोटरीत हात घातला तर राहिलेली बोटं मोजत बसशीन." मग त्यानं माझ्या खालच्या अंगावर थाप मारली. "आन् हे बेअरिंग. हिचा जीव इथं आहे. ही नळी काढाची, या निपलले, ग्रीस भराच्या तोंडाले, ग्रीसगन लावाची आन् दाबत राहाची. नव्या ग्रीसनं जुनं बाहेर ढकललं का झालं. रोज. निघालेलं ग्रीस ताकावानी पांढरं दिसलं तर समजाचं, आत पाणी शिरलं."

लिलाधर माझ्यासोबत फोटो काढण्यात गुंग होता. हा शहाणा ऐकतो कशाला! ऐकलं जिजानं. जिचा नवरा मोटरीनं नेला, ती दुसऱ्या मोटरीचं बोलणं कान देऊन ऐकणारच ना?

ते माझे सुखाचे दिवस. रोज संध्याकाळी जिजा यायची. जाळीत अडकलेली जलपर्णी ओढून काढायची. चाकाच्या पात्यांना खड्यांनी खाचा पडल्या असतील तर कानशीनं हळूच घासून धार नीट करायची. टाकीभर स्वच्छ पाण्यात मला चालवून पोटातली रेती धुवायची आणि शेवटी ग्रीस. आहाहा, ते गार ग्रीस बेअरिंगमध्ये उतरायचं तेव्हा मला झोप यायची! रंजू जवळच बसलेली असायची. मी चालू झाले की माझ्या बाजूनं पाण्याची एक बारीक धार निघते. ती दिसते तोवर इंजीन थंड राहतंय असं समजायचं. रंजू त्या धारेखाली तळवा धरायची आणि ओरडायची, "आई, धार आली!" ती ओरडल्याशिवाय नाव हलायची नाही.

माझी कीर्ती झाली. पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली गेला की आजारी माणसं मीच पलीकडे, आसगावच्या वाटेला नेऊन सोडायची. आणि मित्रांनो, कौतुकानंच माझा घात केला.

दसरा आला. मंगरूनं मला आंघोळ घातली. म्हातारा रडत होता. "हिनं एक बी माणूस पाण्याले देल्ला नाही," तो म्हणाला. "ही मोटर नोहे, माय आहे." त्यानं तेलात शेंदूर कालवला आणि मला वरपासून खालपर्यंत फासला. निपलवर फासला, नळीवर फासला. नारळ फुटला. मी मोटरमाय झाले. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी बरंच वाटलं.

संध्याकाळी जिजा ग्रीसगन घेऊन आली.

"थांब, जिजा! का करून राहिली?" तिचा सासरा मंगरू ओरडला.

"ग्रीस द्याचं आहे, मामाजी."

"आता नाही. ग्रीस चरबीचं असते. देवीले चरबी पाजतेत का? आन् तू..." पुढचं त्याच्या तोंडून निघेना.

ते शेजारच्या रंभाबाईनं पुरं केलं. "पांढऱ्या कपाळाच्या बाईनं पूजेच्या वस्तूले हात लावू नये, बाई."

जिजाचा चेहरा उतरला. "मामाजी, ते चरबीचं नाही. अनुपभाऊनं सांगतलं होतं, रोज..."

"अनुप नागपूरचा. माय आमची."

त्या दिवसापासून मला ग्रीस बंद झालं. उपाशी ठेवलं असं मात्र म्हणता येणार नाही हं! दर शनिवारी मंगरू मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल आणून माझ्या डोक्यावर ओतायचा. बैलगाडीच्या आसाला पिढ्यान् पिढ्या हेच तेल घातलेलं, मग मोटरमायला का नको? तेल अंगावरून ओघळून पाण्यात जायचं. बेअरिंगपर्यंत एक थेंब पोचला नाही. निपल शेंदरानं बुजलेलं, आत ग्रीस संपलेलं आणि पाणी शिरलेलं. मी आधी कुरकुरले, मग किंचाळायला लागले. लिलाधरनं काय केलं? मोबाइलवरचं गाणं मोठं केलं.

उन्हाळ्यात जिजा पुन्हा म्हणाली, "मामाजी, बेअरिंग रडून राहिलं."

"रडून नाही राहिली. माय गाते," मंगरू म्हणाला.

आणि मोटरमायच्या नावेत वल्ही ठेवणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं, म्हणून दोन्ही वल्ही चुलीत गेली. घ्या!

पुन्हा पावसाळा आला. भात रोवण्याचे दिवस. बांधावर खेळणाऱ्या रंजूच्या पायाला साप चावला. रस्ता पाण्याखाली होता. पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका येऊन थांबली. तिचा दिवा इकडून दिसत होता. मंगरूनं नातीला मांडीवर घेतलं, जिजानं तिचा पाय धरला, लिलाधरनं माझी चालू करायची दोरी ओढली.

"आई, धार आली," रंजू म्हणाली. तिची जीभ जड झाली होती.

मी धावले. खरं सांगते, मित्रांनो, त्या दिवशी जितकी धावले तितकी कधीच धावले नव्हते. पोटात लोखंड लोखंडाला खात होतं. पाण्याच्या मधोमध आल्यावर बेअरिंग अडकलं. चाक थांबलं, इंजीन थांबलं, आणि त्या पाण्यावर कसलाच आवाज उरला नाही.

"धार गेली, आई," रंजू म्हणाली.

लिलाधर दोरी ओढत राहिला. तळहात सोलून निघाले. मी हलले नाही. नावेत वल्हं नव्हतं. बांबू पाण्यात घातला तर तळाला टेकेना. जिजा माझ्यावर झेपावली, नखांनी निपलवरचा शेंदूर खरवडू लागली. आता त्याचा काही उपयोग नव्हता. ग्रीसगन घरी खुंटीला टांगलेली होती.

आणि तेव्हाही, नात मांडीवर निळी पडत असताना, मंगरू ओरडला, "हात नोको लावू! मायचा कोप होईन!"

जिजानं त्याच्याकडे पाहिलं. तिची नखं लाल झाली होती, शेंदरानं आणि रक्तानंही. "मामाजी, कोप झाला," ती म्हणाली. "आता आणखी का होणार आहे?"

त्यानंतर रंजू बोललीच नाही. वाऱ्यानं नाव ढकलत ढकलत पलीकडच्या काठाला लावली तेव्हा रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी तिचा हात धरून पाहिला आणि खाली ठेवला.

गावानं निवाडा केला. माझा नाही, लिलाधरचा नाही, शेंदराचा तर नाहीच. विधवेनं पाण्याच्या मधोमध मोटरमायला हात लावला म्हणून पोरगी गेली, असं ठरलं. नाव त्याआधीच थांबली होती, हे नावेतल्या तिघांनाही माहीत होतं. लिलाधर खाली बघत राहिला. मंगरूनं माझ्यापुढे उदबत्ती लावली. मला तोंड असतं तर मी त्या सभेत किंचाळले असते. पण माझी किंचाळी ऐकायची सवय या गावाला आधीच लागली होती.

मला नावेवरून उतरवून मंगरूच्या अंगणात या ओट्यावर बसवलं. पुढचा दसरा आला. म्हातारा हार घेऊन आला, तर जिजा पाना घेऊन माझ्यापुढे बसलेली. तिनं माझं खालचं अंग उघडलं होतं. कोणी अडवलं नाही. अडवून तिचं आणखी काय घेणार होते? तिनं आतून बेअरिंग उपसलं. गोळ्या झिजून वेड्यावाकड्या झालेल्या, वर तांबडा गंज. तिनं ते मंगरूच्या तळहातावर ठेवलं.

"मामाजी, हे पाहा. हिले भूक लागली होती. बाकी काही नव्हतं."

मंगरूनं ते बोटांनी फिरवायचा प्रयत्न केला. फिरलं नाही. तो ओट्याला धरून खाली बसला. त्याला सगळं कळलं, मित्रांनो. मी समोरून पाहत होते, त्याला कळलं. पण ते कळल्यावर नातीला कोणी मारलं हेही कळत होतं, आणि तेवढं सोसण्याचं बळ त्या म्हाताऱ्यात नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याकडे पंप असो, सायकल असो, नाहीतर माझ्यासारखी जेट मोटर, तिला हात जोडू नका. हात लावा. रोज लावा, ज्याला जमेल त्यानं लावा. ती कुरकुरली तर थांबा आणि उघडून बघा.

मंगरू उठला. त्यानं ते मेलेलं बेअरिंग माझ्यापुढे ओट्यावर ठेवलं, वाटीतला शेंदूर बोटावर घेतला आणि त्यालाही लावला.