दिपेश वैतीची भरवशाची गाडी

बाळकुमच्या वैतींच्या घरात कुणालाही कुठे जायचं असलं की पहिला फोन दिपेशला यायचा. मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, चुलतभावाला पहाटेच्या विमानाला सोडायचंय, दोन आत्या आणि त्यांच्या मैत्रिणींना एकवीरेचं दर्शन घडवायचंय. दिपेशकडे सात सीटांची गाडी होती आणि नाही म्हणायची सवय नव्हती. "दिपेश आहे ना," असं म्हणून लोक आधी सगळं ठरवायचे आणि मग त्याला कळवायचे.

त्यामुळे त्याने जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा घरात कुणाला काही उमगेना. विकणाऱ्यासमोर त्याने बॉनेट उघडून इंजिन पाहिलं, खाली वाकून गंज पाहिला. पण मनात त्याने फक्त सीटा मोजल्या होत्या. दोनच होत्या. तिथेच त्याचं ठरलं.

"मागं कोन बसनार?" त्याच्या आईने, सगुणाबाईंनी, खिडकीतून आत डोकावून विचारलं.

"मागे सीटच नाहीत, आये."

"मंग ही गारी कशाला?"

दिपेशने सांगितलं, की अशा गाड्या ट्रॅकवर नेतात. मुरबाडच्या पलीकडे माळावर एका बिल्डरने हौसेने रेसचा ट्रॅक बांधलाय, तिथे दिवसभर आपापली गाडी जोरात पळवायची. सगुणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी जायाचा कुठं?"

कुठेच जायचं नव्हतं, हीच तर त्यातली मजा होती.

ट्रॅक त्याने आधी एकदा बघितला होता, कळव्याच्या चिरागबरोबर. चिराग त्याचा शाळेपासूनचा मित्र. चिरागच्या गाडीला प्रचंड ताकद होती आणि ती ताकद दुसऱ्याच फेरीत वाफ होऊन बॉनेटमधून बाहेर आली. गाडी टो करून न्यावी लागली आणि चिराग, त्याची बायको, सासरे, सगळ्यांना घरी कोणी आणलं हे सांगायला नको. त्या दिवशी दिपेशने मनाशी पक्कं केलं, आपली गाडी बंद पडता कामा नये.

विठ्ठलवाडीला साईनाथचं गॅरेज होतं. साईनाथला स्पोर्ट्स कारचं वेड होतं आणि त्याचा जीव टर्बोत अडकलेला होता.

"भाई, टर्बो टाकू. गाडी उडेल."

"उडायला नको. दिवसभर पळून आपल्या चाकांवर घरी आली पाहिजे."

"स्पोर्ट्स कार घेऊन भरवसा मागणारा तू पहिलाच भेटलास," साईनाथ खिन्नपणे म्हणाला आणि कामाला लागला.

मग दिपेशचे सगळे रविवार विठ्ठलवाडीत गेले. मोठा रेडिएटर बसला. इंजिन ऑइल थंड ठेवायला वेगळा कूलर आला. तापल्यावरही उकळणार नाही असं ब्रेक ऑइल, ट्रॅकचे ब्रेक पॅड, नवे पाइप, नवी बॅटरी. एक काम झालं की ते दुसरं दाखवायचं. साईनाथने ड्रायव्हरच्या जागी रेसची खोलगट सीट बसवली. दिपेश आईसारखाच बुटका आणि काटकुळा. त्याला आत बसवून, माप घेऊन, सीट थेट बोल्टने गाडीच्या तळाला ठोकली. मग वजन कमी करायचं म्हणून शेजारची सीट काढून टाकली.

"मग मी कुठे बसू? रेडिएटरवर?" त्याच्या बायकोने, मेघालीने विचारलं.

सगुणाबाईंना मात्र हा बदल पसंत पडला. "शीट कारलास ता बरा केलास," त्या म्हणाल्या. "आता माझी पाटी बरोबर बसंल." पुढच्याच शनिवारी ट्रॅकसाठी तयार केलेली ती गाडी कोलबी आणि निवट्या मासळीची पाटी घेऊन कळव्याला मावशीकडे गेली. कळव्याच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये आजूबाजूच्या गाड्या गरम होऊन धापा टाकत होत्या. दिपेशचा तापमानाचा काटा जागचा हलला नाही. वास जायला मात्र आठवडा लागला.

शेवटी ट्रॅकचा दिवस आला. दिपेश सकाळी कल्याणवरून मुरबाड रोडने एकटाच निघाला. रिकाम्या शेजारच्या जागेत त्याने जॅक, हत्यारं, कूलंट, तेल, जादा ब्रेक पॅड, जंपर केबल सगळं रचून बांधलं होतं. ही तयारी आपल्यासाठी आहे अशी त्याची समजूत होती.

आयोजक होते दौलत शेळके. गळ्यात शिट्टी अडकवलेला, शिस्तीचा माणूस. त्यांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. चेकर्ड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा दिसला की फेरी संपवून बाहेर यायचं. लाल दिसला की लगेच. आणि रुग्णवाहिका तयार असल्याशिवाय एकही गाडी ट्रॅकवर जाणार नाही.

पहिल्या सत्रात दिपेशची जेमतेम एक फेरी झाली आणि लाल झेंडा आला. वळणावर चिरागची गाडी वाफाळत उभी होती.

"दिप्या, कूलंट आहे ना तुझ्याकडे?" चिरागने विचारलं. विचारलं म्हणजे विचारण्याआधीच हात पुढे केला होता.

कूलंट होतं. फुटलेल्या पाइपवर लावायला क्लिपही होती. गाडी कडेला ढकलल्यावर बाकीचे पुन्हा पळू लागले; क्लिप लावेपर्यंत सत्र संपलं.

दुसऱ्या सत्राआधी डोंबिवलीची देवयानी आली. ती दातांची डॉक्टर, एरवी अत्यंत सावध बाई. पण ट्रॅकवर तिने ब्रेक इतके वापरले की पॅड पार झिजले. दिपेशकडचे जादा पॅड तिच्या गाडीला बसेनात. मुरबाडच्या एका दुकानात तिच्या गाडीचे मिळतील, असं फोनवर कळलं. आयोजकांचा टेम्पो सकाळीच बंद पडला होता आणि बाकीच्यांच्या गाड्या रस्त्यावर न्यायच्या लायकीच्या नव्हत्या.

"तुमची गाडी कशी, चालूच असते," देवयानी कौतुकाने म्हणाली.

दिपेश मुरबाडला गेला. दुकानदार जेवायला घरी गेला होता, त्याची वाट पाहिली. परत आला तर दुसरं सत्र उरकलेलं. देवयानीने पॅड घेतले, थँक्यू म्हटलं आणि पुढच्या सत्राला तीच पहिली रांगेत उभी राहिली.

तिसऱ्या सत्राच्या वेळी रुग्णवाहिका सुरू होईना. ड्रायव्हर दिवसभर पंखा लावून आत झोपला होता; बॅटरी गेली. शेळके शिट्टी न वाजवता थेट दिपेशकडे आले.

"वैतीसाहेब, केबल आहे म्हणे तुमच्याकडे."

"आहे."

"आणि बॅटरी?"

"नवीन आहे."

मग लाल गाडी रुग्णवाहिकेला नाक लावून उभी राहिली आणि केबल जोडल्यावर रुग्णवाहिका सुरू झाली. ड्रायव्हर म्हणाला, पुन्हा बंद पडली तर? शेळके म्हणाले, मग वैतीसाहेब इथेच थांबतील. साईनाथने रविवारमागून रविवार घालून तयार केलेलं इंजिन माळावर उभ्याउभ्या गुरगुरत राहिलं. समोरून देवयानी फेऱ्या मारत होती. दर फेरीला ती हात हलवायची. दिपेशही हलवायचा.

शेवटच्या सत्रापर्यंत बहुतेक गाड्या गळाल्या होत्या. देवयानीचा क्लच गेला. चिरागची गाडी परत उकळली. रुग्णवाहिका मात्र एकदाची स्वतःच्या बॅटरीवर सुरू झाली आणि दिपेशने हेल्मेट उचललं. तेवढ्यात चिराग खांद्यावर हात टाकून म्हणाला, "यार, माझा अख्खा दिवस फुकट गेला. हे सत्र मला तुझी गाडी दे ना. तू काय, परत कधीही येशील."

दिपेशच्या मनात एक मोठा, गोल नकार तयार झाला. तोंडातून बाहेर पडलं, "घे."

चिरागने दार उघडलं आणि आत शिरायला सुरुवात केली. एक मांडी गेली. दुसरी सीटच्या कडेवर अडकली. कंबर कुठेच जाईना. गुडघे स्टीअरिंगला टेकले.

"सीट मागे कशी घ्यायची?"

"जात नाही. बोल्ट मारलेत."

"मग काढ ना बोल्ट."

दिपेशने घड्याळाकडे बघितलं. दहा मिनिटांचं काम होतं.

"दीड तास लागेल," तो म्हणाला.

आयुष्यात इतकं सहज खोटं तो पहिल्यांदाच बोलला. चिराग कण्हत बाहेर आला आणि दिपेश आत बसला.

ट्रॅकवर दुसरं कुणीच नव्हतं. पहिल्या फेरीत तो नुसता ऐकत होता, कुठे काही खडखडतंय का. काही नव्हतं. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या टोकाला त्याने ब्रेक उशिरा दाबला. गाडीने नाक खाली केलं, वळणात शिरली आणि अलगद बाहेर आली. पुढच्या वेळी आणखी उशिरा दाबला. तो काही फार वेगात नव्हता, चिराग असता तर हसला असता. पण फोन ट्रॅकबाहेर ठेवलेला होता, शेजारी बसून "जरा हळू" म्हणणारं कुणी नव्हतं, कुणाला कुठे सोडायचं नव्हतं. तेच वळण परत यायचं आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं वाटायचं. हेल्मेटच्या आत तो मोठ्याने हसत होता, हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

मग चेकर्ड झेंडा दिसला. झेंडा धरलेला माणूस दमलेला होता; त्याच्यामागे शेळके, हातात बॅग घेऊन.

दिपेशला झेंडा अगदी स्वच्छ दिसला. तो पुढे निघून गेला.

पुढच्या फेरीला झेंडा जोरात हलत होता. त्याच्या पुढच्या फेरीला शेळके स्वतः झेंडा घेऊन उभे होते आणि शिट्टी वाजवत होते. मग लाल झेंडाही आला. त्यानंतरही एक फेरी झाली. काटा जागचा हलला नाही, ब्रेक पहिल्या फेरीसारखेच घट्ट. गाडीकडून थांबायचं काही कारण मिळेना. अखेर रुग्णवाहिकाच आडवी लावायची पाळी येणार, असं दिसल्यावर तो आत आला.

शेळके संतापाने लाल झाले होते. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, वैतीसाहेब! सगळ्यांत भरवशाचा माणूस म्हणून मी तुमच्याकडे बघत होतो! पुढचे दोन ट्रॅक डे तुम्हाला प्रवेश नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"बरोबर आहे," दिपेश म्हणाला.

चिराग आणि देवयानी बाजूला बघू लागले. आपल्या गाड्या घरी कशा न्यायच्या, हे विचारायला ते आले होते. पण ही वेळ बरी नाही, असं त्यांना वाटलं असावं.

दिपेश घरी पोचला तेव्हा मेघाली दिवाणखान्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. कसं झालं, तिने विचारलं.

"मला काढून टाकलं," तो म्हणाला.

"तुला? तू काय केलंस?"

"त्यांनी बाहेर बोलावलं. मी गेलोच नाही."

मेघालीने हातातली घडी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. कपाळावर हेल्मेटचा वळ, केस घामाने चपटे, आणि चेहऱ्यावर तिने लग्नाच्या अल्बममध्येही न पाहिलेला उर्मटपणा.

"बस इथे," ती म्हणाली, "आणि पहिल्यापासून सांग."