उलटा टांगलेला पंखा

मी एक जुना लाकडी पंखा आहे. छताला लटकून वारा घालणारा नव्हे, मित्रांनो. मी विमानाच्या नाकावर बसून समुद्र ओलांडला आहे. अठ्ठावीस तास, कुठेही न उतरता. तोवर कुठल्याच विमानाला ते जमलं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. अक्रोडाच्या सात फळ्या सरसाने एकमेकींना चिकटवल्या, सुतारांनी त्या रंध्याने तासल्या आणि माझी दोन पाती झाली. शेवटी मी वार्निशवालीच्या हाती आलो. मला मधोमध दांड्यावर ठेवायचं, कोणतं पातं वर जातं ते बघायचं आणि त्या हलक्या पात्यावर वार्निशचा आणखी एक हात द्यायचा, हे तिचं काम. दोन्ही पाती समान पातळीत येईपर्यंत तिची सुटका नसे. तोल केसभर चुकला, तर पंखा हवेत थरथरतो आणि इंजिन खिळखिळं करतो.

शेवटचा हात ओला असतानाच तिने मला दांड्यावर ठेवलं आणि तिचा अंगठा पात्याच्या फुगीर बाजूवर उमटला. त्यावर करवतीच्या जुन्या जखमेचा आडवा वण होता. तोही उमटला.

मुकादम खेकसला, "हे काय करून ठेवलंस? घासून काढ."

"तोल बरोबर लागलाय. घासलं की गेला," ती म्हणाली. "हवं तर तुम्ही घासा. मला काही त्या विमानात बसायचं नाही."

मुकादमाने माझ्या पात्यांकडे पाहिलं. ती जराही हलत नव्हती. तो निघून गेला.

विमान पलीकडे पोहोचलं. वैमानिकाला लोकांनी डोक्यावर घेतलं आणि ते योग्यच होतं. पण मी परत आल्यावर कारखान्याच्या मालकानेही माझ्याशेजारी छाती काढून फोटो काढला. त्या माणसाने जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. वार्निशवाली डोकावली, तर तिला "कामाला लाग" म्हणून हाकललं. त्या कौतुकाची मला आजही किळस येते.

त्याच वर्षी मी संग्रहालयात आलो आणि तिथल्या शहाण्यांनी मला उलटं टांगलं. पंख्याची फुगीर बाजू पुढे असते, सपाट बाजू वैमानिकाकडे. यांनी फुगीर बाजू भिंतीला लावली. विद्वान आले, टिपणं काढून गेले, पण एकालाही कळलं नाही. पन्नास वर्षं तो अंगठा भिंतीकडे तोंड करून होता.

उड्डाणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा संग्रहालयाच्या साहेबांनी हुकूम सोडला, "पंखा चकाचक करा." पॉलिशवाल्याने मला खाली उतरवलं, दालनातल्याच टेबलावर आडवं केलं आणि सपाट बाजू घासायला घेतली. जेवणानंतर दुसरी बाजू. म्हणजे अंगठा संपला.

तेवढ्यात एक म्हातारी लेकीचा हात धरून आली. तिने मला पाहिलं आणि ती थबकली.

"घासताय ती मागची बाजू," ती म्हणाली.

"आजी, पन्नास वर्षं हीच बाजू पुढे आहे."

"मग पन्नास वर्षं उलटा टांगलाय. पालथा करा. पुढच्या अंगाला माझा अंगठा आहे."

लेक कानाशी म्हणाली, "आई, चल ना. घरी नातवंडं त्या अंगठ्याच्या गोष्टीला हसतात तेवढं पुरे नाही का? इथे परक्यांपुढे कशाला?"

"हसू दे. आज एकदा बघून घेते. नसला तर परत कधी बोलणार नाही."

पॉलिशवाला पुटपुटत उठला आणि त्याने मला पालथं केलं. धुळीवर फुंकर मारली. अंगठा तिथेच होता.

म्हातारीने त्यावर आपला अंगठा टेकवला. वणाला वण जुळला.

लेकीने आईचा अंगठा हातात घेतला आणि जन्मात पहिल्यांदाच दिसल्यासारखा ती तो पाहत राहिली. पॉलिशवाल्याने पॉलिशपेपर खिशात घातला आणि साहेबांना बोलावून आणलं. "ही बाजू मी घासणार नाही साहेब. दुसरा माणूस बघा."

साहेब खजील झाले. वहीच काढली त्यांनी. "पाटीवर तुमचं काय लिहू, आजी?"

"आधी सरळ टांगा. मग लिहीत बसा."

आज मी सरळ आहे, काचेमागे. पाटीवर वैमानिकाच्या नावाखाली तिचं नाव आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ मऊ फडक्याने जरूर पुसा. पण घासायला घेण्याआधी ती वस्तू एकदा पालथी करून बघा. चकाकी काय, बाजारात डबाभर मिळते.

मुलं येतात आणि माझ्यासमोरच्या काचेवर आपले अंगठे लावून बघतात. पहारेकरी रोज संध्याकाळी कुरकुरत ते पुसतो. परवा मात्र कोणी बघत नाही असं पाहून त्याने स्वतःचाही लावला.